अकरा फूट सुतळी : चौथीच्या वर्गाची वर्षभराची वाटचाल

शाळेच्या वार्षिक अंकासाठी दर मार्चमध्ये प्रत्येक वर्गशिक्षिकेकडून 'वर्षभरातले उपक्रम' मागवतात. एक पान, तारीखवार. योग दिन, वृक्षारोपण, शिक्षक दिन, सहल, स्नेहसंमेलन. आजवर मीही ते पान भरून देत आले. या वर्षी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की वर्गात जे खरोखर घडलं त्यातलं निम्मंही त्या पानावर मावत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची शाळा हैदराबादेत, काचीगुड्याजवळ. चौथीत एकतीस मुलं. तेरा घरी तेलुगू बोलतात, नऊ मराठी, सात दखनी आणि दोघं मारवाडी. मराठी घरांतले आजोबा-पणजोबा नांदेड, परभणी, धर्माबादकडून आलेले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तोवर ही त्यांचीच राजधानी होती. सरकारी नोकरी, वकिली, दुकानदारी अशा कारणांनी ती माणसं इथे आली आणि सीमा बदलल्या तरी इथेच राहिली. आज शिकवणं इंग्रजीतून चालतं, मराठी हा नऊ जणांचा वेगळा तास. पण डब्याच्या सुट्टीत जी भाषा चालते ती एकतीस जणांनी मिळून घडवलेली आहे, आणि वर्षभर आमच्या सगळ्या कामाला तिचाच आधार मिळाला.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी नवीन शिक्षिका होते तेव्हा प्रकल्प म्हटला की थर्माकोलचा चारमिनार यायचा. अशाच एका प्रदर्शनात एका मुलाचा चारमिनार फार सुबक होता, घुमट, कमानी, सोनेरी कागद, सगळं जिथल्या तिथे. त्याला सहज विचारलं, "वर चढून गेला आहेस का कधी?" तो म्हणाला, "नाही टीचर. पप्पांनी दुकानातून करून आणला." त्याचं घर चारमिनारपासून चालत दहा मिनिटांवर होतं. १५९१ साली बांधलेली ती वास्तू रोज त्याच्या डोळ्यांसमोर होती. तिच्या मिनारात वर जाणाऱ्या १४९ पायऱ्या आहेत आणि त्या आपल्याला मोजता येतील, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या प्रकल्पाला मी पहिला क्रमांक दिला होता, ही चूक माझीच. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे : प्रकल्पात विकत आणलेलं काही चालणार नाही. स्वतः मोजलेलं, विचारलेलं, पाहिलेलं किंवा वेचून आणलेलं तेवढंच चालेल.

१२ जूनला शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात पाऊसवही सुरू झाली. पाण्याची रिकामी बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं त्यातच बसवायचं, तळाशी सपाट बूड यावं म्हणून थोडं पाणी भरायचं आणि तिथून शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. तो गच्चीच्या कठड्यावर विटांच्या आधाराने ठेवला. रोज सकाळी नऊला दोघांनी जायचं, पाणी मोजायचं आणि वहीत तारीख, मिलिमीटर, दोघांच्या सह्या. रविवारची नोंद वॉचमन अंकलकडे. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

जुलैत एक भांडण झालं. चार दिवस पाऊस नव्हता आणि एका जोडीने वहीत काहीच लिहिलं नाही. दुसरी जोडी म्हणाली, शून्य लिहायला पाहिजे. पहिली म्हणाली, पडलाच नाही तर काय लिहायचं? वर्ग दोन्ही बाजूंनी उठला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "कोरं ठेवलं तर पाऊस पडला नाही की आपण वर गेलोच नाही, हे कसं कळणार?" त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही. शून्य ही संख्या मी पहिलीपासून शिकवत आले आहे, पण त्या वाक्याइतकं तिचं मोल मला कधी समजावून देता आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही सरूरनगरच्या रयतु बाजारात गेलो. शेतकऱ्याने माल थेट गिऱ्हाइकाला विकावा म्हणून १९९९ साली इथे हे बाजार सुरू झाले. दारावरच त्या दिवसाचे दर लिहिलेला फळा असतो. पाच-पाच मुलांचे गट केले, प्रत्येक गटाला शंभर रुपये दिले आणि सांगितलं, एका कुटुंबाच्या दोन दिवसांच्या भाज्या आणा. विचार होता गणिताचा, झाला भाषेचा.

मराठी बोलणाऱ्या एका मुलाने भाजीवाल्या अम्माला विचारलं, "कांदा कितने का?" तिने पुढे केला सुरणाचा भला मोठा गड्डा. तो गोंधळला. परत म्हणाला, कांदा. तिने परत सुरणच दाखवला, या वेळी जरा जोरात. तेलुगूत सुरणाला 'कंदा' म्हणतात आणि कांद्याला इकडे 'उल्लिगड्डा'. गटातल्या तेलुगू मुलीने सोडवणूक केली. परत येताना बसमध्ये सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या गेल्या आणि नावं गोळा होऊ लागली. गोंगुरा म्हणजे अंबाडी. दोंडकाय म्हणजे तोंडली. बीरकाय म्हणजे दोडका, सोरकाय म्हणजे दुधी, मुनगकाय म्हणजे शेवग्याची शेंग. गोंगुराची पच्चडी दर आठवड्याला खाणाऱ्या मराठी मुलांना तीच आजीची अंबाडीची भाजी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यातून शब्दवही जन्मली. एका पानावर एकच वस्तू, वर चित्र, खाली तिची सगळी नावं. दखनी बोलणारी मुलं सुरुवातीला गप्प होती. त्यांना वाटायचं आपलं बोलणं म्हणजे बिघडलेलं हिंदी. हिंदीच्या तासाला त्यांना तसं ऐकावंही लागतं. मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'मैं कलीच आई.' आणि 'मी कालच आले.' दोन्हींतल्या 'च'भोवती गोल केला. जोर देण्याचा हा 'च' दखनीने मराठीकडून घेतला आहे. 'नक्को'सुद्धा आपलंच 'नको'. शेजारी राहून राहून भाषा एकमेकींकडून उसनं घेतात, जशा शेजारणी विरजण नेतात. त्या दिवसापासून दखनीची पानं सगळ्यांत वेगाने भरू लागली. मराठी मुलं तर असा रुबाब दाखवू लागली, की जणू तो 'च' त्यांनी घरून डब्यात आणला होता.

इथे मला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांची आठवण होते. १९६१ मध्ये त्या अमेरिकेहून हैदराबादला आल्या त्या विवेक वर्धिनी महाविद्यालयात शिकवायला. पुढे फलटण त्यांचं गाव झालं, त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. मूल घरून जी बोली घेऊन येतं तिचा मान राखायचा आणि तिच्या आधाराने त्याला वाचतं-लिहितं करायचं, हा विचार मी त्यांच्या कामाविषयी वाचूनच पक्का केला. एका बाईंची पायवाट आपल्याच शहरातून सुरू झाली होती, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सप्टेंबरचा महिना मुसीचा. वर्षातलं सगळ्यांत मोठं काम हेच.

२८ सप्टेंबर १९०८ला आमच्या शहरातून वाहणाऱ्या मुसी नदीला पूर आला. पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. दीड दिवसात १७ इंच पाऊस पडला होता. आमच्याकडे पाऊसवही होती, त्यामुळे हा आकडा नुसता आकडा राहिला नाही. मुलांनी इंचांचे सेंटिमीटर केले, उत्तर आलं त्रेचाळीसच्या थोडं वर. आमची बाटली वीस सेंटिमीटरची. "म्हणजे दोन बाटल्या भरून वर सांडलं असतं," एक जण म्हणाला. जून-जुलैत सगळं मिळून किती साठलं होतं ते वहीत होतंच. मुलं पानं उलटत राहिली आणि मग आपोआप गप्प झाली.

नदीकाठच्या अफझलगंजला पाणी अकरा फुटांपर्यंत चढलं होतं, अशी नोंद आहे. आम्ही सुतळी घेतली. टेपने अकरा फूट मोजले, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. वॉचमन अंकल शिडीवर चढले, एक टोक भिंतीला धरलं, दुसरं खाली जमिनीला टेकवलं. आमची इमारत जुनी, छत उंच. तरीही वरची गाठ फळ्याच्या वर, खिडकीच्या वर, थेट पंख्याच्या दांडीपाशी पोचली. मुलं खाली बसून वर बघत होती. एका मुलीने उठून सुतळीला पाठ लावली आणि डोक्यावर हात ठेवून खूण केली. सव्वाचार फूट. तिने मनात हिशेब केला आणि म्हणाली, "आपण अडीच जण एकावर एक."

मग एक मुलगा बोलला. तो सहसा बोलत नाही. मुसीच्या काठावरच्या वस्तीत राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये शहरात अतिवृष्टी झाली तेव्हा त्यांच्या घरात पाणी आलं होतं. तो अगदी लहान होता, मामाने खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. बाकी काही आठवत नाही, पण फ्रिज तरंगत होता ते आठवतं. "फ्रिज आडवा झोपला होता आणि हळूहळू दाराकडे जात होता," असं तो म्हणाला. वर्गातल्या कोणीही त्याच्या बोलण्यात मध्ये तोंड घातलं नाही.

आजच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्या पुरात सुमारे दीडशे माणसं त्या झाडावर चढून वाचली. परवानगी घेऊन, तीन फेऱ्यांत, मुलांना तिथे नेलं. दवाखान्याचं आवार, नातेवाईक डबे घेऊन बसलेले, कोणी स्ट्रेचरमागे धावणारे. मुलांना कुजबुजत बोला असं सांगावं लागलं नाही. झाडाखाली उभं राहून एकाने विचारलं, "टीचर, पहिल्यांदा कोणी चढायचं हे कोणी ठरवलं असेल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. परत आल्यावर प्रत्येकाने आपापलं उत्तर लिहिलं. कोणी लिहिलं लहान मुलं आधी, कोणी लिहिलं ज्याला चढता येतं तो आधी, म्हणजे तो वरून हात देईल. खाली पडलेला पाला आणला होता तो शब्दवहीत चिकटवला : चिंच, चिंतपंडू, इमली.

मुलांना किती सांगायचं, हा प्रश्न मला पूर्ण महिना छळत होता. उर्दू रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात वाहून गेली, ते एकटे वाचले. हे सांगू की नको? शेवटी सांगितलं, एकाच वाक्यात, आणि पुढे म्हटलं की त्यांनी नंतर आयुष्यभर लिहिलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना दुःख कळतं. त्यांना आपण एकटं सोडलं की ती घाबरतात, सोबत असलो तर ऐकतात.

पुढचा भाग मुलांना फार आवडला, कारण तो कामाचा होता. पुरानंतर १९०९ मध्ये निजामाने अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय झाले. उस्मानसागर म्हणजेच गंडिपेट. गंडिपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं इथे म्हणतात. मुलांनी अंगणात मातीचा उतार करून खाली विटकरीच्या तुकड्यांचं शहर मांडलं. एकदा बांध न घालता वरून बादली ओतली, एकदा बांध घालून. दुसऱ्या वेळीही अर्धं शहर गेलं, कारण बांधाला पाणी सोडायची वाट ठेवली नव्हती. तिसऱ्या वेळी ती ठेवली. कपडे असे चिखलाने माखले, की दोन आयांचे फोन आले. दोघींनाही मी अंगण दाखवायला बोलावलं.

दसऱ्याच्या सुट्टीआधी बतुकम्मा. तेलुगू मुलींनी फुलं आणली, मराठी मुलींच्या आज्यांनी भोंडल्याचा हत्ती पाटावर काढून दिला. दोन्ही उत्सव एकाच सुमाराचे. बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येला सुरू होतो आणि दुर्गाष्टमीला संपतो. भोंडला नवरात्रातला, हस्त नक्षत्राचा. दोन्हींत बायका-मुली फेर धरतात आणि गाणी म्हणतात. फुलं ओळखायचं काम मी मुलांवर सोपवलं होतं. तंगेडू, म्हणजे तेलंगणाचं राज्यफूल, तो आपला तरवड. गुनुगू म्हणजे कुर्डू, जो मराठवाड्यात शेताच्या बांधावर तण म्हणून उपटतात. तो इथे देवीच्या डोक्यावर चढतो, हे ऐकून धर्माबादची एक आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही त्याची भाजी करून खाल्ली!" ताम्हणात खालून वर निमुळती होत जाणारी फुलांची रास रचायला पूर्ण सकाळ गेली. प्रत्येक थराचा घेर मोजून लिहिला, म्हणून त्याला गणिताचा तासही म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मोजमाप हा बहाणा होता. खिरापत ओळखताना मुलगे सगळ्यांत पुढे होते आणि मलिद्याचे लाडू कोणालाच ओळखता आले नाहीत.

सालारजंग संग्रहालय, तारांगण, क्रीडादिन हे सगळं झालं. दर तासाला टोल देणारा तो छोटा यांत्रिक माणूस बाहेर येण्याची वाट बघत मुलं सालारजंगच्या घड्याळासमोर बसली, तेवढंच मला आठवतं. दसऱ्यापूर्वी कपांत लावलेली मेथी मात्र सुट्टीत वाळून गेली. पाण्याची सोय करायला मी विसरले होते. मुलांनी वहीत तीही नोंद केली.

डिसेंबरमध्ये विषय होता 'तुमची शाळा कशी होती?' घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाला दहा प्रश्न विचारायचे. यातून आमच्या भागातल्या शाळांचा इतिहास हाती आला. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या माणसांनी विवेक वर्धिनी सुरू केली. निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, वरच्या वर्गांची भाषा उर्दू, आणि पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच सुरू झालं. अशा काळात मराठी मुलांना मराठीतून शिकता यावं म्हणून त्यांनी वर्गणी गोळा केली. कोरटकर पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. नारायणगुड्याच्या केशव मेमोरियल शाळेच्या नावातला केशव म्हणजे तेच. तिथून रोज जाणाऱ्या दोन मुलांना हे माहीत नव्हतं.

एका मुलाचे आजोबा वर्गात आले. वय चौऱ्याऐंशी. त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. ते सांगत होते, घरी आईशी मराठी, गल्लीत दखनी, शाळेत उर्दू, आणि यातलं काही शिकावं लागतंय असं कधी वाटलं नाही. मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहिलं. हात थरथरत होता, पण अक्षर वळणदार. त्यांचा स्वतःचा नातू ते वाचू शकेना. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, जी घरी कुराण शिकते, आणि तिने ते नाव अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचलं. आजोबांनी तिला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या नातवाला म्हणाले, "हिच्याकडून शिक रे."

जानेवारीत नऊ मराठी मुलांना आणि बाकीच्यांपैकी हट्टाने आलेल्या सहा जणांना इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं. १९२२ पासूनचं हे ग्रंथालय. मुलांनी जुन्या पुस्तकांची पिवळी पानं हुंगली, आणि त्यांतल्या एकाने आपल्या शब्दवहीसाठी अशाच जाड पुठ्ठ्याची बांधणी हवी असा आग्रह धरला. कोठीच्या एका बाइंडरने ती करून दिली. ती मात्र आम्ही विकत घेतली.

मार्चच्या सुरुवातीला मुसीकाठचा तो मुलगा माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "टीचर, सुतळी घरी नेऊ?" का, ते विचारलं नाही. सोमवारी सुतळी परत आली. अकरा फुटांवरच्या दोन गाठी होत्याच, मधे एक तिसरी नवीन गाठ होती. त्यांच्या घराच्या भिंतीवर २०२०च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंग दिला तरी वर येते. वडिलांना सुतळी धरायला लावून त्याने त्या रेघेपाशी गाठ मारली होती. पाऊसवही उघडून त्याने मागच्या पानावर लिहिलं, आधी १९०८, मग त्याखाली २०२० आणि त्यापुढे, 'आमच्या घरी साडेचार फूट. मी आणि पप्पांनी मोजलं.' खाली दोघांच्या सह्या होत्या. वडिलांची सही घरीच एका चिठ्ठीवर घेऊन त्याने ती चिकटवली होती.

२३ एप्रिलला शाळा सुटली. तिसरीची मुलं शेवटच्या तासाला आमच्या वर्गात येऊन पाऊसवही, शब्दवही आणि तीन गाठींची ती सुतळी घेऊन गेली. बाटली गच्चीवरच आहे. सुट्टीतल्या वळवाची नोंद वॉचमन अंकल घेत आहेत.